अंगणात थुंकायचं नाही

गोव्यात, सर्वण गावच्या आमच्या घरी मशेरी भाजायची ती मागच्या पडवीत, एका जुन्या तव्यावर. तंबाखूची पानं काळी कुळकुळीत होईपर्यंत आई जागची हलायची नाही. घरभर ठसका उठायचा. मी ओरडले की म्हणायची, “तंबाखू खातां काय हांव? दांत घांसतां. वीख सगळें तव्यारच जळ्ळां.”

दिवसातून किती वेळा दात घासायची, देव जाणे. मशेरी तोंडात धरून अंगण झाडायची, तांदूळ निवडायची, हाकेला नुसतं ‘हूं’ करायची. आणि मग सगळं गिळायची. लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं बजावलं होतं, सारवलेल्या अंगणात सुनेनं थुंकायचं नाही. वडीलही त्या बाबतीत भारी कडक. शेजारच्या बायका माडाच्या बुंध्याशी खुशाल पिचकाऱ्या टाकायच्या, तेव्हा आई नाक मुरडायची. आपल्या गिळण्याचा तिला केवढा अभिमान!

गोवा राज्य झालं तो काळ. मराठी की कोंकणी यावरून डिचोलीच्या बाजारात अजून तावातावानं भांडणं व्हायची आणि त्यात वडील सगळ्यांच्या पुढे. इकडे आई दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव चहात बुडवूनच खाऊ लागली होती, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मग पाव सुटला, भात सुटला, पेज तेवढी राहिली.

म्हापशाच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेचा कर्करोग सांगितला, आणि उशीर झाल्याचंही. त्यांनी मशेरीचं नाव काढलं तशी मी भांडायलाच उठले. “अहो, ती भाजून लावायची!”

“भाजल्यानं विष जात नाही,” ते म्हणाले. “काही विषं तंबाखूत आधीच असतात. काही शरीरातही तयार होत असावीत, असा संशय आहे. तंबाखूतली निकोटिनच्या जातीची द्रव्यं लाळेबरोबर पोटात उतरतात. लाळेत नायट्राइट असतं, पोटात आम्ल. त्यांची गाठ पडली की नायट्रोसामाइन बनू शकतात, आणि त्यातले काही कर्करोग करतात. यांना नेमकं त्यानंच झालं, असं मी म्हणणार नाही. मशेरी लावल्यावर या थुंकायच्या की गिळायच्या?”

आई स्टुलावर ताठ बसली. “हांवें केन्नाच आंगणांत थुंकूंक ना,” ती म्हणाली. शाळेत शाबासकी मिळणार असल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरांचा नव्हे, मला त्या अंगणाचा राग आला. आजही येतो.

पुढे तिला स्वतःची लाळही गिळवेना. मी वाडगा धरायचे. पण वडील खोलीत असले की ती ओठ गच्च मिटून बसायची. गाल फुगायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी थुंकायची नाही. “थुंक गो,” वडील काकुळतीला येऊन म्हणायचे. ती मान हलवायची.

शेवटी ते आपणच उठून अंगणात जाऊन उभे राहू लागले. परत येताना दाराशी मोठ्यानं खोकायचे, म्हणजे तिला तोंड पुसायला वेळ मिळे. त्यांनी भाषेचे मोर्चे सोडले, बाजार सोडला. दिवसभर नुसतं आत-बाहेर.

ती गेली त्या दुपारीही ते अंगणातच उभे होते. मी हाक मारून त्यांना आत बोलावलं. ते धावत आले, आणि दाराशी थांबून आधी खोकले.