साहेबांच्या खुर्चीखालचं शेत

कंपनीत किस्सा घडत असतो तेव्हा हा किस्सा आहे हे कुणालाच कळत नाही. तेव्हा फक्त शिफ्ट चालू असते. रिटायर झालं, की पीएफच्या कागदांबरोबर ते सगळे किस्से घरी येतात! मी पेणला रामवाडीत राहतो. रोह्याजवळच्या धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढली, रोज कंपनीच्या बसने जाऊन-येऊन. आता आम्ही त्या बसमधले जुने लोक रविवारी चहाला जमतो. एकेक किस्सा निघतो, आम्ही हसतो. हल्ली हसून झाल्यावर कुणीतरी घाईने दुसरा चहा सांगतो.

बरेचसे किस्से काशीनाथचे. काशीनाथ आमच्या प्लँटवर हेल्पर होता. कारखाना आला तेव्हा त्याच्या बापाची जमीन गेली. घरटी एक माणूस कामाला घेऊ, असं कुणीतरी तोंडी सांगितलं होतं. काशीनाथ कामाला लागला खरा, पण ठेकेदाराच्या यादीवर. कंपनीच्या मस्टरवर नाव चढावं, आपण 'कायम' व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. "पुढच्या वर्षी बघू," असं त्याला दरवर्षी सांगायचे.

*

नवे मॅनेजर पुण्याहून आले. शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी पुण्याकडे निघायची, सोमवारी परत. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची ओळख करून घेताना त्यांनी काशीनाथला विचारलं, "तुम्ही इथलेच का? शेतीबिती आहे?"

"हाय ना साहेब. तुमच्या खुर्चीखाली!"

साहेब दिलखुलास हसले. "म्हणजे आम्ही तुमच्या शेतात बसलोय म्हणायचं!" आम्हीही सगळे हसलो. काशीनाथ तसाच उभा राहिला. साहेब आता पुढचं काहीतरी विचारतील, असं त्याला वाटलं असावं. साहेबांनी चहा मागवला.

*

आमचा माल जर्मनीला जायचा. म्हणून वर्षातून एकदा तिकडचे पाहुणे कारखाना तपासायला यायचे. आदल्या दिवशी पेणच्या नर्सरीतून टेम्पो भरून कुंड्या यायच्या, भाड्याने! पाहुणे गेले की टेम्पो परत. एका वर्षी पाहुण्याने मोबाईलमधला आदल्या वर्षीचा फोटो दाखवला आणि विचारलं, "ही झाडं वर्षभरात जराही वाढली नाहीत?"

मॅनेजर म्हणाले, "बोन्साय आहेत, सर!"

त्याच दिवशी ठेकेदाराच्या माणसांना नवे बूट, नवे गॉगल, नवे हातमोजे मिळायचे आणि संध्याकाळी सगळं स्टोअरला जमा करावं लागायचं. काशीनाथने हातमोजे काढून दिले, आपले हात उलटसुलट करून बघितले आणि मला म्हणाला, "भाऊ, ह्या पाहुण्यांना हितंच एक खोली बघून द्या ना!"

*

आमच्या कँटीनला सुमन होती, कारखान्यांचं पाणी सुटतं त्या खाडीकडच्या गावची. पाहुण्यांच्या मीटिंगनंतर टेबलावर अर्ध्या-अर्ध्या पाण्याच्या बाटल्या उरायच्या. सुमन ते पाणी एका कॅनमध्ये ओतून घ्यायची. मी एकदा चेष्टा केली, "काय गो सुमन, परदेशी उष्टं घरी नेतेस?"

"नातीला पाजायला नेते. तिला उष्टं चालंल भाऊ, आमच्या बोअरचं नाय चालत."

त्यानंतर मी चेष्टा केली नाही. तेवढंच केलं मी.

*

मग ठेकेदाराने ओडिशाची माणसं आणली. स्थानिक लोक सारखे 'कायम करा' म्हणतात, ही माणसं काही मागत नाहीत, असा त्याचा हिशेब. गावात तापातापी झाली. भांडायला म्हणून काशीनाथ त्यांच्या खोलीवर गेला. आम्हाला वाटलं, आता डोकी फुटणार! गडी दोन तासांनी परत आला, तोही जेवून.

"काय झालं रे?"

"काय व्हायचंय! त्यांच्या गावात खाण हाय. त्यांच्या जमिनीतलं लोखंड बोटीत बसून आपल्या धरमतरच्या बंदरात येतं, आणि माणसं जनरल डब्यात उभी राहून येतात. त्यांच्याशी कसलं भांडू? मासळी मात्र चांगली करतात हां!"

*

काशीनाथच्या बायकोला रोह्याच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, "बाहेरच्या देशातली आहे. मुंबईहून मागवावी लागेल, वेळ लागेल." काशीनाथ चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये आला. मी नाव वाचलं आणि चाट पडलो. जर्मनीला जी पावडर आम्ही ड्रम भरभरून पाठवत होतो, तिचीच ही गोळी!

"अरे, हिची पावडर तूच भरतोस रोज."

काशीनाथने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "बघा म्हंजे! जाताना मी हातानं सोडली, आणि येताना मलाच वळख दाखवत नाय!"

गोळी अकरा दिवसांनी आली. तोवर त्याच्या बायकोला जिना चढवत नव्हता.

*

पुढचा किस्सा मी चहावर सांगत नाही. त्या वर्षी जर्मनीहून एक बाई आल्या होत्या. प्लँटवर फिरताना त्या काशीनाथपाशी थांबल्या. इंग्रजी-मराठी करायला मी, आणि माझ्या मागे मॅनेजर. बाईंनी विचारलं, "हे किती वर्षं इथे काम करतात?"

मी काशीनाथला विचारलं. तो म्हणाला, "बावीस. पन अजून कायम नाय केलेला. जमीन पन आमचीच हाय ही. हे बी सांग भाऊ त्यांना."

मी इंग्रजीत सांगितलं, "बावीस वर्षं."

बाईंनी टाळ्या वाजवल्या! काशीनाथ माझ्याकडे बघत होता. आपल्या एवढ्या बोलण्याचं इंग्रजी इतकंसं कसं झालं, ते त्याला कळलं असणारच. माझ्या बढतीचा कागद त्या महिन्यात साहेबांच्या टेबलावर होता. बढती मिळाली. तिची मला अजून लाज वाटते, आणि हे मी काशीनाथला कधी सांगितलं नाही.

बाईंनी त्याचा फोटो काढून नेला.

*

त्यानंतर दीडेक वर्षाने ठेकेदार बदलला. नव्या यादीत काशीनाथचं नाव नव्हतं. जुन्या ठेकेदाराचा फोन लागेना. दुसरीकडे काम मिळवायला 'यांनी इथे काम केलं आहे' एवढा एक कागद त्याला हवा होता. कंपनीच्या ऑफिसने सांगितलं, "आमच्या मस्टरवर हे नाव कधी नव्हतंच." आणि ते खरंच होतं!

त्याच सुमारास जर्मनीहून एक मोठी फ्रेम आली. काशीनाथचा हसरा फोटो होता. नवं हेल्मेट, नवा गॉगल, चेहरा पार गोरा केलेला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'आमचं जगभरचं कुटुंब'. साहेबांनी ती गेटवर, सिक्युरिटीच्या टेबलामागे लावून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

एका सोमवारी मी सकाळी पंचिंगच्या लाइनीत होतो. पलीकडे काशीनाथ उभा होता, धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी. कागदासाठी आला होता. सिक्युरिटीवाला नवीन होता, उत्तरेकडचा. त्याने रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "किससे मिलना है?"

काशीनाथने वर भिंतीकडे बोट दाखवलं. "त्यो बघा. त्यो..."

सिक्युरिटीवाल्याने मान वळवून फोटो बघितला, मग काशीनाथकडे बघितलं, आणि समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "बड़े साहब हैं। ऐसे नहीं मिलते। अपॉइंटमेंट लेके आओ।"

काशीनाथ बराच वेळ फोटोकडे बघत होता. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "कवा असतात साहेब?"