आधी त्याला बोलू द्या

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. माझं मराठी घरातलं आहे. शाळा हिंदीत झाली, कॉलेज अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत चाललं. मराठी उरलं ते आईच्या स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या दहा दिवसांत. मामाला मेसेज पाठवायचा असला तरी मी तो आधी आईला वाचून दाखवतो. त्यात आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजोबा फॅक्टरीत होते, बाबाही फॅक्टरीतच आहेत. अशा घरातल्या मुलाने कॉलेजात काय चुकतं ते लिहायचं म्हणजे जेवायला बोलावलेल्याने भाजीला नावं ठेवण्यासारखं वाटतं. तरी लिहितो, कारण महिने झाले आणि माझा राग गेलेला नाही.

शेवटच्या वर्षी आमच्या वेळापत्रकात शनिवारी एक नवा तास आला. कामाच्या ठिकाणी कसं बोलावं, कसं वागावं, ते शिकवणारा. शिकवणारे सर बाहेरून यायचे. निळा ब्लेझर, कॉलरला छोटा माइक. वर्गात आम्ही चाळीसेक मुलं, माइकशिवायही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला असता. तास सक्तीचा होता. नागपूरची एक कंपनी फोनवर ग्राहकांशी बोलणारी माणसं घ्यायला येणार होती, आणि तिच्यासमोर कोणी बसायचं त्याची यादी हेच सर करणार होते.

सरांनी शिकवलेलं सगळं वाईट होतं असं म्हटलं तर खोटं होईल. फोन उचलला की आधी आपलं नाव सांगावं, मेलचा विषय एका ओळीत लिहावा, चूक झाली तर ती लपवू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण बाकीचं? शहरातल्या गोहलपुर मोहल्ल्यातला एक मुलगा, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, ओळख करून द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "मेरे पिताजी वेल्डिंग का काम करते हैं." सर म्हणाले, "नौकरी पिताजी को चाहिए कि तुमको?" वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला, आणि त्यानंतर शनिवारी त्याचा आवाज मी ऐकला नाही. दुसऱ्या एकाला ते म्हणाले, "हर बात में जी-जी क्यों? राशन की लाइन में खड़े हो?" सर जवळ आले की आम्ही सवयीने उभे राहायचो. ते हाताने खाली दाबल्यासारखं करायचे, "बैठो, बैठो, ये सब स्कूल में छोड़ के आओ."

माझ्या शेजारच्या बाकावर मझौली गावची एक मुलगी बसायची. वर्गात तिला सगळे मझौलीच म्हणायचे, आणि मला मराठी. ती शहरात घमापुरला मावशीकडे राहायची. तिच्या घरी ठरलेलं होतं, शेवटच्या वर्षात नोकरी लागली तर पुढे शहरात राहायचं, नाही तर परीक्षा संपली की परत मझौलीला. हे तिने मला रडत-बिडत सांगितलं नव्हतं. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. म्हणून त्या यादीत नाव येणं माझ्यापेक्षा तिच्यासाठी मोठं होतं. माझं नाव आलं नसतं तर बाबा फार तर आठवडाभर गप्प राहिले असते.

सर म्हणायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. मझौली म्हणाली, "हमारे यहाँ बड़ों की आँख में आँख डाल के देखो तो पूछते हैं, किस बात का झगड़ा है?" मग तिने स्वतःच एक उपाय शोधला. ती समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायची. एकदा सर तिला म्हणाले, "गुड, नाइस आय कॉन्टॅक्ट," आणि आम्हाला हसू आवरेना.

आणि ऐकण्यावरचा तो तास. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं की चांगला बोलणारा आधी चांगला ऐकणारा असतो. एका मुलीने शंका विचारली. ती अर्ध्यावर असताना सरांचा फोन वाजला. ते बोलत बोलत दाराबाहेर गेले, बऱ्याच वेळाने आले आणि पडद्यावर पुढची पाटी लावली. ती मुलगी उभीच होती. तिने बसावं की उभं राहावं हे तिला कोणी सांगितलं नाही.

यादीसाठी शेवटची परीक्षा होती ग्रुप डिस्कशनची. सहा जण गोल बसायचे, एक विषय, दहा मिनिटं, आणि सर बाजूला बसून गुण देणार. आमच्या गटात मी, मझौली, तो वेल्डिंगवाल्याचा मुलगा आणि आणखी तिघं. विषय होता, घरून काम करणं चांगलं की ऑफिसात जाऊन. आमच्यापैकी कोणी ऑफिस आतून पाहिलेलं नव्हतं, आणि घरात काम करायला जागा कोणाकडेच नव्हती. तरी मतं होती.

बाहेर व्हरांड्यात उभे असताना वेल्डिंगवाल्याचा मुलगा पहिलं वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. मझौली म्हणाली, "सुनो, पहले इसको बोलने दो. नहीं तो इसका नंबर ही नहीं आएगा."

"और तू?" मी विचारलं.

"मैं आखिर में. सबने क्या कहा, जोड़ के बता दूँगी. हमारे घर बैठक होती है तो जो बुलाता है, वो आखिर में बोलता है."

सगळ्यांना पटलं. मधल्या तिघांनी आपसात क्रम लावला, मी म्हटलं मी तिच्या आधी. यात काही लबाडी आहे असं एकाच्याही मनात आलं नाही. वाढताना पहिल्या पानावर दोनदा आणि शेवटच्यावर काहीच नाही असं होऊ नये म्हणून माणूस जेवढं बघतो, तेवढंच आम्ही केलं.

आत गेलो. तो मुलगा बोलला. अडखळत बोलला, पण आम्ही थांबलो, आणि त्याने वाक्य पूर्ण केलं. दुकानात वडील रोज बाजूला असतात म्हणून चूक लगेच दिसते, एकटं असलं तर ती संध्याकाळी दिसते, असं काहीसं तो म्हणाला. मला ते खरंच चांगलं वाटलं. मग बाकीचे, मग मी. एकाने दुसऱ्याचं धरून पुढे नेलं. मझौलीने तोंड उघडलं, "तो पाँचों की बात मिला के..." आणि सरांनी टाळी वाजवून थांबवलं.

"ये क्या चल रहा है? भंडारा है? पत्तल बिछा दूँ?" ते म्हणाले. "एक के बाद एक, एक के बाद एक! डिस्कशन में घुसना पड़ता है. काटना पड़ता है. किसका आइडिया था ये?"

मझौली उभी राहिली. "मेरा, सर."

मीही उभा राहिलो. "सर, सबने मिल के..."

"तुमसे पूछा?" ते मला म्हणाले, आणि तिच्याकडे वळून, "बेटा, कंपनी में पहले आप, पहले आप नहीं चलता. जो आखिर में बोलेगा वो बाहर." असं म्हणून त्यांनी कागदावर रेघ ओढली. तिने केलेली जोडणी त्यांनी ऐकलीच नाही. कशाला ऐकतील, ती तर शेवटची होती.

यादी लागली तेव्हा आमच्या गटातलं माझ्या एकट्याचं नाव होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. "तुझं नाव आहे ना?"

"आहे, पण तिचं..."

"मग काहून भांडून राहिला तू? सरांशी वाकडं घेऊ नको बरं." थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "काय बोलणार होती रे ती पोरगी?"

मला सांगता आलं नाही. मलाही ते कळलं नव्हतं. तिथे माझा राग खरा पेटला.

पुढच्या शनिवारी तास सुरू व्हायच्या आत मी उभा राहिलो. मी असा उभा राहणारा मुलगा नाही. शिक्षकाला वेळ विचारायची तरी मी दोनदा मनात वाक्य म्हणतो. पण त्या दिवशी शब्द आपोआप आले, आणि हिंदीत आले. मी म्हणालो, सर, तुम्ही सांगता ऐकायला शिका, आणि तुम्ही तिचं ऐकलं नाही. तुम्हाला या वर्गातल्या एकाचंही नाव माहीत नाही. त्या मुलाने वडिलांचं काम सांगितलं, तुम्ही त्याची थट्टा केली. एकमेकांना बोलू देणं ही चूक असेल तर तसं पाटीवर लिहा, म्हणजे आम्हाला कळेल. तिला परत बोलू द्या आणि तिचं पूर्ण ऐका. माझा आवाज चढला होता.

सर माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांचा चेहरा खुलला. ते टाळ्या वाजवायला लागले.

"देखो! देखो सब लोग!" ते वर्गाला म्हणाले. "ये होता है कॉन्फिडन्स! आवाज देखी? आँख में आँख डाल के! उस दिन भी ये खड़ा हुआ था, तभी मैंने इसका नाम डाला. वेल डन, बेटा."

"सर, मैं उसके बारे में..."

"वो सब ठीक है. लेकिन डिलिव्हरी देखो!"

पुढच्या बाकांवरची मुलंही टाळ्या वाजवायला लागली. मी काय म्हणालो ते त्यांनी एका कानानेही घेतलं नाही, फक्त किती जोरात म्हणालो ते मोजलं. कोणी मला शिवी दिली असती, वर्गाबाहेर काढलं असतं, तर मला इतकं लागलं नसतं. मझौली खाली वाकून दप्तरात काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

आम्ही नोकऱ्यांचं बघणाऱ्या मॅडमकडे गेलो, मी आणि ती. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं. "बेटा, लिस्ट सर तय करते हैं. मैं कंपनी को लिख के देखती हूँ. वादा नहीं करती." मझौलीने हात जोडले आणि मग आठवून ते घाईने खाली घेतले, कारण तेही सोडायला शिकवलं होतं.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी तीही आली होती. इस्त्रीचा कुर्ता, फाईल छातीशी धरलेली. यादीत नाव नाही हे तिला माहीत होतं. ती सकाळपासून वॉटर कूलरजवळच्या बाकावर बसून होती. मी म्हटलं, "यहाँ क्यों बैठी है?" ती म्हणाली, "किसी को एक मिनट मिल गया तो."

आत एका बाईंनी मला विचारलं, चार जणांबरोबर केलेलं एखादं काम सांगा. मी ग्रुप डिस्कशनचं सांगितलं, तिच्याबद्दल सांगितलं, ती बाहेर बसली आहे हेही सांगितलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. कागदावर काही लिहिलं. मग म्हणाल्या, ठीक आहे, आता स्वतःबद्दल सांगा. संध्याकाळी त्यांची गाडी निघून गेली. मझौलीने पाण्याची बाटली भरून घेतली आणि मावशीकडे गेली. परीक्षा झाल्यावर ती मझौलीला गेली.

माझी निवड झाली. आईने शिरा केला, बाबांनी फॅक्टरीत पेढे वाटले. सरांनी कॉलेजच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की हा आमच्या प्रशिक्षणाचा परिणाम. मला ते काढायला सांगायचं होतं. कोणाला सांगायचं ते कळेना. पुढच्या वर्षाच्या मुलांनाही तेच सर शिकवणार असं मागाहून कळलं. म्हणजे आणखी चाळीस पोरं एकमेकांना तोडायला शिकणार, आणि जी शिकणार नाहीत ती स्वतःला बावळट समजणार. दुसऱ्याला पूर्ण बोलू देणारी मुलं तुमच्याकडे आपण होऊन येतात, आणि तुम्ही फी घेऊन त्यांची ती सवय मोडता. याला शिक्षण म्हणायचं का, हे मला मोठ्या माणसांनी सांगावं. मी तर आता कुठे शिकून बाहेर पडलो आहे.

काल संध्याकाळी मझौलीचा फोन आला. मधल्या काळात एकदाही आला नव्हता, मीही केला नव्हता.

"क्यों मराठी, अभी तक गुस्सा है?"

"है."

"रख ले, बाद में काम आएगा." मग म्हणाली, "कंपनीवाली मॅडम का फोन आया था. इंटरव्ह्यू लिया, फोन पे ही."

तुझं नाव त्यांना कोणी दिलं, मी विचारलं. फोन आमच्या मॅडमच्या पत्रामुळे आला की त्या बाईंच्या कागदामुळे, ते तिलाही माहीत नव्हतं.

"फिर?"

"फिर नहीं हुआ. मेरी इंग्लिश कच्ची है, उन्होंने साफ बता दिया. बोलीं, छह महीने बाद फिर फोन करना." मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती आणि कोणी तिला हाकत होतं. "पर पूरा सुना, मराठी. बीच में एक बार भी नहीं काटा. बाबूजी बाजू में बैठे थे, स्पीकर पे सब सुन रहे थे. फोन रखा तो बोले, जा, छह महीने और देख ले. सोमवार को मौसी के यहाँ आ रही हूँ."