फळीवरचा अडतीस

पवनीत बसून इंग्लंडातल्या गाण्यांची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच होता, आणि ते नेमके माझे मामा निघाले. धंदा रेडिओ दुरुस्तीचा. गिऱ्हाइकाचा रेडिओ दोन दिवसांत बरा व्हायचा, पण मामा तो रविवारपर्यंत सोडत नसत. रविवारी संध्याकाळी एका खरखरत्या विदेशी स्टेशनावर इंग्लंडातल्या गाजत्या चाळीस गाण्यांची यादी लागे, आणि ती ज्यावर स्वच्छ येईल तोच रेडिओ त्यांच्या मते दुरुस्त. कोंढ्याच्या एका गुरुजींनी आपल्या रेडिओसाठी तीन चकरा मारल्या, चौथ्या वेळी तेही यादी ऐकत बसले.

त्या यादीत मामांची माणसं चारच: दोन बाया, दोन बाप्ये, कुठल्याशा बर्फाळ देशातले. त्यांचं गाणं कितव्या नंबरावर आहे ते मामा दुकानाच्या फळीवर खडूनं लिहीत. इंग्रजीशी मामा-मामी दोघांचंही वाकडं. पण त्यातल्या एका बाईचा आवाज मामींना बरोबर ओळखू येई. सिहोऱ्याहून लग्न होऊन आलेल्या मामी तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "परक्या मुलखात गाऊन राहिली जी ते. एकटं वाटत असंल तिले."

मामी गेल्या, तरी मामांनी नंबर लिहिणं सोडलं नाही. मला एकदा म्हणाले, "ते बाई यादीत आहे तवरी तुही मामी घरात आहे असं वाटते मले." मी हसलो होतो. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात चौघांचं नवं गाणं आलं ते सव्विसाव्या नंबरावर. मग एकतीस, मग अडतीस. या यादीत आकडा वाढला की गाणं खाली घसरतं, हे बाजाराला येणाऱ्यांना काय ठाऊक? धान कापून मोकळी झालेली माणसं फळी पाहून खूश. मामाजींचं चढून राहिलं म्हणत त्यांनी चहा मागितला. मामांनी एकाचाही गैरसमज दूर केला नाही. साऱ्यांना चहा पाजला, स्वतः मात्र घेतला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी तिथेच होतो. चाळीसही गाणी संपली, चौघं आली नाहीत. मामा खडू हातात धरून बसून राहिले. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होतो, पण गाण्याचा अर्थ त्यांनी कधी विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

"ते बाई आपल्या त्या शेवटच्या गान्यात काय म्हनते रे?"

खरखरीतून मला जेमतेम चार शब्द कळले होते, आणि ते निरोपाचे होते. मी म्हटलं, "वापस येईन म्हनते."

मामांनी खडू डबीत ठेवून दिला. "नाई रे. येनारी बाई असी नाई गात."

पुढे त्यांनी रविवारी रेडिओ लावला नाही. गिऱ्हाइकांना रेडिओ वेळेवर मिळू लागले, आणि लोक म्हणाले, मामाजी सुधारले. दिवाळीला दुकान रंगवलं, तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी एक फळी तेवढी सोडायला सांगितली.