भिंत कोणी लिंपली?

धुळ्याच्या हायवेला नवा ढाबा होतोय. गिऱ्हाइकांना आवडतात म्हणून मालकानं मातीच्या भिंती केल्यात. परवा तिथून जाताना ओल्या लिंपणाचा वास आला आणि मी थेट अजिंठ्याला पोचले.

लहानपणी एका मे महिन्यात काकांच्या जीपमधून आम्ही निघालो होतो. एरंडोलच्या पुढे कलिंगड फोडलं, फरकांड्याचे झुलते मनोरे पाहिले. बाहेर ऊन भाजत होतं आणि लेण्यात गार अंधार. गाईड बॅटरीनं चित्रातल्या राण्या दाखवत होता. माझी आत्या, अक्का, मात्र पोपडा निघालेल्या जागेपाशी डोळे बारीक करून उभी होती. तिथल्या मातीत मिसळलेला भुसा दिसत होता.

"भाऊ," तिनं अहिराणीत गाईडला विचारलं, "हाई भीत कोनी लिपी? माती, भुसा, बठ्ठं आपला घरनागतच शे."

गाईडनं राजाचं नाव सांगितलं.

"राजा कधी भीत लिपस का?"

सगळे हसले. मीही हसले. आमचं घरही असंच माती-भुशानं लिंपलेलं; त्याची मला तेव्हा लाजच वाटायची.

त्यानंतर कितीदा तरी अजिंठ्याला गेले. दर वेळी गाईडला अक्काचा प्रश्न विचारते. दर वेळी राजाचंच नाव मिळतं.