उकळलेला झगा

नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला सगळे कात्री म्हणत, तेही दबक्या आवाजात. तिची जीभच तशी होती. घामट कपडे तिच्या अंगावर फेकणाऱ्या नटाला ती सरळ सुनवायची, "घरी आई आहे ना? तिच्या अंगावर फेक जा."

तिचा जीव होता तो फक्त राजाच्या लाल मखमली झग्यावर. गळ्यापासून टाचेपर्यंतचं जरीचं भरतकाम तिच्या हातचं. सगळी हयात कंपनीत गेली आणि अभिमानाने दाखवावं असं हेच एक तिच्यापाशी होतं. तो घालणारा नट म्हणजे महाराज. पडदा पडला तरी त्याचं राजेपण काही उतरत नसे. दोघांचं नातं विळ्याभोपळ्याचं.

अशा या महाराजांना गजकर्ण झालं. मानेवर, काखेत, कमरेला लाल कडांचे चट्टे. भर दरबारात महाराज खाजवू लागले आणि प्रेक्षक फिदीफिदी हसले. मग काय, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले ते तरातरा कपडेपटात.

"तुझ्या घाणेरड्या झग्याने झालंय हे! डॉक्टर म्हणाल्या कपडे उकळा. उकळ तो झगा."

"मखमल उकळू? अक्कल गहाण टाकलीत का? अस्तर बदलून देते."

"उकळ. नाहीतर मी उभा राहत नाही."

मालकांनी कात्रीपुढे हात जोडले. तिकिटं महाराजांच्या नावावर खपत, कात्रीच्या नव्हे. शिव्यांची लाखोली वाहत तिने पातेलं चढवलं. रंग सुटला, मखमलीचा चोथा झाला, जरीचे धागे काळवंडून त्यांच्या गुठळ्या झाल्या. त्या दिवशी कात्री कुणाला एक शब्द बोलली नाही, आणि कंपनीला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

महाराज भाड्याच्या झग्यात मिरवू लागले. पण गजकर्ण कुणाच्या बापाचं ऐकतं? पुन्हा उपटलं, आधीपेक्षा दुप्पट पसरलं.

"ही बाई कपडे धूतच नाही. काढा हिला!" महाराज गरजले.

मालक वैतागले. "दोघंही जा डॉक्टरांकडे. काय तो निकाल तिथेच लावा."

डॉक्टरीणबाईंनी मान तपासली. "गोळ्या पूर्ण घेतल्यात?"

महाराज छताकडे बघू लागले. "खाज थांबली होती... मग कशाला उगाच? पुन्हा सुरू झाली तेव्हा मित्राने एक मलम दिलं. झटक्यात आराम पडला."

"तिथेच घोटाळा झाला. खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही. असल्या मलमाने ती वरून शांत दिसते आणि आत पसरते. आता उपचार लांबणार."

"आणि बाई, झगा उकळायला तुम्ही सांगितलंत?" कात्रीने विचारलं.

"झगा? अंगालगतचे कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवा म्हटलं होतं. भरतकामाच्या झग्याचं अस्तर बदललं असतं तरी भागलं असतं."

बाहेर आल्यावर कात्रीने महाराजांच्या हातात पाण्याची बाटली आदळली. "गिळा गोळी. माझ्यासमोर. तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. रोज अशीच गिळायची, नाहीतर उघडे फिरा स्टेजवर."

महाराजांनी मुकाट्याने गोळी घेतली. जिन्यात खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं. नवा झगा भर तू. लागेल तेवढी जर आणून देतो."

"सुईत दोरा ओवायला दिसत नाही हो मला आता," कात्री म्हणाली आणि कठडा धरून जिना उतरू लागली.