राजांना निवडणूक नव्हती

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवत असे. प्राचीन चिनी विचार हा पेपर ऐच्छिक होता, आणि तो घेणारी मुलं बहुतेक दुसरं काही न मिळाल्यामुळे आलेली असत. त्यांतला एक मात्र वाद घालायचा. भांडुपचा, वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले. तास संपला तरी हा बोलत बोलत जिन्यापर्यंत माझ्या मागे.

पुढे मी निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगी बंगळुरात स्थिरावली. मुलुंडच्या घरात मला माझा आवाज ऐकू यायचा तो भाजीवाल्याशी बोलताना. अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. दारात तोच, आता कानशिलांवरचे केस पिकलेले.

"मॅडम, मी आता मुलुंडलाच राहतो. आपल्या वॉर्डातून उभा राहतोय, अपक्ष. तुम्ही शिकवलेलं वापरून बघायचंय."

"चिनी तत्त्वज्ञान घेऊन महापालिकेत? वाट लागेल रे तुझी."

"ती तशीही लागलीच आहे," म्हणत तो चपला काढून आत आला.

मग तो रोज यायला लागला. त्या जुन्या चिनी विचारवंतांचं एक म्हणणं होतं की गोष्टींना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारावी, नाहीतर कारभार ढासळतो. आम्ही त्याच्या पत्रकातून 'विकास' हा शब्द काढला आणि लिहिलं, 'नाला वेळेवर उपसणार. फुटपाथ चालायला मोकळा ठेवणार.' दुसरं म्हणणं त्याच्या जास्त आवडीचं: चांगला राज्यकर्ता लोकांना जाणवतसुद्धा नाही. म्हणून कुठे बॅनर नाही, फोटो नाही. प्रत्येक शब्दावर आमची भांडणं व्हायची. चहा निवून जायचा. इतकं कुणी माझ्याशी भांडून किती वर्षं झाली होती!

दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि हा थोडक्यात निवडून आला. त्यानंतर तो दर गुरुवारी येई. मी दुपारपासूनच पोह्यांची तयारी करून ठेवायची. बाहेरची कुठलीही कामं गुरुवारी घ्यायची नाहीत, हेही ठरूनच गेलं.

त्यानं खरंच कामं केली. पावसाळ्याआधी नाला तळापर्यंत उपसला गेला. फुटपाथवरचं भंगार हललं. त्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. एकदा शेजारीण मला लिफ्टपाशी म्हणाली, "हा नगरसेवक करतो तरी काय गं? तोंडसुद्धा दिसत नाही मेल्याचं."

"यंदा गल्लीत पाणी तुंबलं नाही ना?"

"ते पाऊसच कमी झाला म्हणून."

मी हे त्याला हसत हसत सांगितलं. म्हटलं, बघ, तू पास झालास. तो हसला नाही. बशी बाजूला ठेवून म्हणाला, "सगळीकडे हेच ऐकतोय. आता बॅनर लावावे लागणार, मॅडम. एका पक्षाचं बोलावणंही आलंय. जाईन म्हणतो."

"आणि आपण इतके दिवस बोललो ते?"

"ते खरंच आहे. पण त्या राजांना निवडणूक नव्हती."

ह्यावरचं उत्तर मी खूप शोधलं, तो जिना उतरून गेल्यावरसुद्धा. पुढच्या गुरुवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग नाक्यावर त्याचा हात जोडलेला मोठा फोटो लागला.

त्या काळातला एक विचारवंत आपलं कुणी ऐकेल म्हणून राज्याराज्यांतून हिंडला आणि म्हातारा होऊन घरी परतला, हे मी दरवर्षी वर्गात एका वाक्यात सांगत आले होते. मुलं ते लिहून घेत आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळे. परतल्यावर तो माणूस घरात बसून संध्याकाळी काय करत असेल, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नव्हता.

शेवटी एके दिवशी मीच त्याच्या ऑफिसात गेले. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. कुणाचं पाण्याचं, कुणाचं शाळेच्या दाखल्याचं. मीही बसले. नंबर आला तशी आत गेले. मला पाहताच तो उठला, सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला, भोवतालच्या लोकांना म्हणाला, "ह्या आमच्या मॅडम. मी जो काही आहे तो ह्यांच्यामुळे." कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. मग खुर्ची पुढे सरकवत त्यानं अगदी मायेनं विचारलं, "बोला मॅडम, काय काम काढलंत?"

काम काहीच नव्हतं. पण मागे रांग होती, त्याचा फोन टेबलावर थरथरत होता, आणि नुसतं भेटायला आले असं त्या खोलीत म्हणवेना.

"आमच्या गल्लीतला दिवा गेलाय," आठवलं ते मी म्हणाले.

"एवढंच ना? झालं समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिडीची गाडी आली. दोन माणसांनी नवा दिवा बसवला, लागतोय ना ते पाहिलं आणि मला खिडकीत बघून एकानं विचारलं, "काकू, अजून काय आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "बाकी सगळं ठीक आहे."