ती हिरव्या साडीत नव्हती

सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून सुटलेला एक मेसेज सध्या कल्याण-डोंबिवलीत फिरतोय. तुमच्यापैकी काहींना आलाही असेल. परदेशात, रात्री बाराच्या ठोक्याला, रिकाम्या रेल्वेच्या डब्यात हिरव्या साडीतली मृत पत्नी येते, मोगऱ्याचा घमघमाट सुटतो आणि ती दुसऱ्या पत्नीला हात जोडून सांगते, 'माझ्या धन्याला सांभाळ.'

त्यातली दुसरी पत्नी म्हणजे मी. आणि मला कोणीही हात जोडलेले नाहीत.

साडी नव्हती. मोगरा नव्हता. दुपारचे साडेतीन-चार वाजलेले, डबा टुरिस्टांनी भरलेला. जे झालं ते मी इथे लिहितेय, कारण माझ्या नावावर जे खपवलं जातंय ते मला मान्य नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं मी म्हणणार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचं काम केलं. काटा जिथे थांबतो तो आकडा लिहायचा, मालकाला हवा तो नाही... या एका सवयीपायी दोनदा नोकरी जायची वेळ आलेली.

विद्याधर मला तिथेच भेटले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, घरी वाफेवर चालणारं छोटं इंजिन बनवत होते आणि त्यासाठी त्यांना एक बारीकसा गेज हवा होता. एका गेजसाठी माणूस तीनदा आला. चौथ्यांदा आला तेव्हा गेजबद्दल बोललाच नाही. मी त्रेपन्न वर्षांची, लग्न न केलेली. ते बासष्टचे, पहिली पत्नी कुंदाताई जाऊन चार वर्षं झालेली. आम्ही ठाण्याला रजिस्टर लग्न केलं. त्यांची मुलगी मधुरा घोडबंदर रोडला राहते. ती सहीच्या वेळी आली आणि जेवायला थांबली नाही. त्यानंतर तीन वर्षं ती कल्याणच्या घरी यायची ती बाबांकडे. माझ्याशी बोलायची, पण मला हाकच मारायची नाही. ताई नाही, काकू नाही, काही नाही. नुसतं 'ऐकताय का?'

इटलीला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मोठ्या नणंदेने, माईवन्संनी, सरळ विचारलं, "या वयात हनिमून? लोक काय म्हणतील?"

"लोकांना फोटो पाठवू," मी म्हटलं.

विद्याधरांना किल्ले-चर्चपेक्षा गाड्या बघायच्या होत्या, म्हणून सगळा प्रवास ट्रेननेच. रोमला चार दिवस, मग समुद्रकाठची पाच गावं — चिंक्वे टेरे म्हणतात त्यांना — आणि शेवटी फ्लॉरेन्स. ती पाच गावं म्हणजे कड्यावर चिकटवलेली रंगीत घरं, खाली समुद्र, आणि गावागावांना जोडणारी छोटी लोकल गाडी. गंमत म्हणजे गाडी जवळजवळ पूर्ण वेळ बोगद्यातच असते. मधेच दोन सेकंद निळा समुद्र दिसतो, की परत अंधार.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचव्या गावाहून, रियोमाज्जोरेहून, आमच्या मुक्कामाला मोंतेरोस्सोला परत निघालेलो. शेजारी-शेजारी जागा मिळाली नाही. विद्याधर पलीकडच्या खिडकीशी, मी अलीकडे. पुढच्या स्टेशनला, मनारोलाला, एक म्हातारी चढली आणि माझ्या बाजूला बसली. सत्तरीची असेल. तिकडचीच. उन्हाने तांबूस झालेला चेहरा, आखूड पांढरे केस, करडा स्वेटर, मांडीवर जाळीच्या पिशवीत लिंबं. आपल्या लिंबांपेक्षा चांगली तिप्पट मोठी.

गाडी बोगद्यात शिरली. ती विद्याधरांकडे बघून म्हणाली, "तुमचे का ते?"

"हो," मी म्हटलं.

"बोगद्यात पण बाहेर बघतायत."

"रेल्वेत होते. सिग्नल बघत असतील."

ती हसली. आवाज घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मग पिशवीतली लिंबं नीट करत, भाजीवाली कोथिंबिरीचा भाव सांगते तितक्या सहज म्हणाली, "ते कधी दाढ दुखते म्हणाले ना, तर दाताच्या डॉक्टरकडे नेऊ नका. सरळ हॉस्पिटलात न्या. चिडतील. चिडू देत."

मी म्हटलं, "बरं."

बस. एवढंच. तिने हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. मोंतेरोस्सो आलं, आम्ही उतरलो, ती आत बसून राहिली.

प्लॅटफॉर्मवर चार पावलं चालले आणि माझे पाय थांबले. ती बाई मराठीत बोलत होती! स्वच्छ, आपल्याकडचं मराठी. आणि मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. मी वळून धावले. दरवाजे लागलेले. खिडकीतून पांढरे केस दिसले आणि गाडी पुढच्या बोगद्यात गेली.

"काय झालं? काही राहिलं का आत?" विद्याधर मागून आले.

"ती माझ्या शेजारची बाई... कुठल्या भाषेत बोलत होती?"

"इटालियन. अजून कुठल्या?" ते हसायला लागले. "आणि तू काय ठसक्यात उत्तरं देत होतीस! हो-हो म्हणायचं तसं सी, सी करून मान डोलवत होतीस. मला वाटलं, आठवड्याभरात शिकली की काय ही."

"मी मराठीत बोलले, विद्याधर."

"बरं बाई, मराठीत. चल, आइस्क्रीम खाऊ."

त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. दाढेचं मी बोललेच नाही. आधीच हसत होते, अजून चेष्टा केली असती. आणि खरं सांगू? संध्याकाळपर्यंत मीच स्वतःला समजावलं, की बाई काहीतरी लिंबांबद्दल बोलली असेल. ऊन लागलं असेल मला. थकवा असेल.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही फ्लॉरेन्सला होतो. तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं सकाळी अकराचं बुकिंग. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या, अरुंद जिना, लिफ्ट नाही. रांगेत आमच्यापुढे सात-आठ माणसं उरलेली आणि विद्याधरांनी डाव्या गालावर हात ठेवला.

"काय होतंय?"

"काही नाही गं. दाढ ठणकतेय जराशी. संध्याकाळी कुठे लवंगेचं तेल मिळतं का बघू."

मी त्यांचा दंड धरला. "हॉस्पिटलात चला."

"दाढेसाठी हॉस्पिटल?"

"चला म्हणते ना!"

"नीलिमा, वेड लागलंय का? आपला नंबर आलाय. परत स्लॉट मिळणार नाही."

"नको मिळू दे."

तीन वर्षांत हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्या दिवशी भर रांगेत ओरडले. "तू जगासमोर तमाशा करतेयस!" म्हणाले. मी म्हटलं, करते. आणि खरंच केला. दारावरच्या माणसासमोर उभी राहून छाती बडवत "हार्ट! हार्ट!" ओरडले. परिणाम असा झाला, की ॲम्ब्युलन्सवाले आले आणि त्यांनी मलाच खुर्चीवर बसवून माझंच ब्लडप्रेशर घ्यायला सुरुवात केली. मी दोन्ही हातांनी "नो, नो, हिम! हिम!" करत यांच्याकडे बोट दाखवतेय, आणि हे बाजूला उभे, लाजेने लाल... आणि मग लाल नाहीत. राखाडी. गालावरचा हात खाली आलेला आणि रांगेच्या कठड्याला टेकलेला.

हॉस्पिटलात तासाभरात त्यांना आत नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट घातला. नंतर एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली, तिला इंग्रजी येत होतं. त्या पायऱ्या चढले असते तर बहुतेक वरून खाली आले नसते, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "ते तर दाताचं म्हणत होते. तुम्हाला कसं कळलं?"

"कोणीतरी सांगितलेलं," मी म्हटलं.

चूक झाली ती त्यानंतर, आणि ती माझीच. मधुराचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती, मी दोन रात्री झोपले नव्हते, आणि तिने तोच प्रश्न विचारला. तुम्हाला कसं कळलं? मी सगळं सांगून टाकलं. बाई, लिंबं, दाढ. पलीकडून कॉल कट झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

आम्ही परत येईपर्यंत मेसेज साडी नेसून, मोगरा माळून तयार होता. तो मधुराने लिहिलेला नाही. तिने आत्याला सांगितलं, आत्याने ग्रुपवर टाकलं, पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मधुरा घरी आली. बाबांना भेटली आणि पहिल्यांदाच सरळ स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकत होते. ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबांनी तुम्हाला त्यांच्या दाढेचं सांगितलेलं कधी? आधीचं?"

"आधीचं काय?"

"मी कॉलेजला होते तेव्हा बाबांची दाढ अशीच दुखली. आई दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दाढ काढली, आणि नंतर डॉक्टर म्हणाले, दाढ तर चांगली होती. दुखणं आपोआप थांबलं. पण आईच्या डोक्यातून ते कधी गेलं नाही. ते दाढेचं नव्हतंच, म्हणायची. हार्टचं काहीतरी होतं, माझं चुकलं. जाईपर्यंत बाबांच्या मागे लागलेली, कार्डिओग्राम काढा म्हणून. बाबांनी काढला नाही."

मी गॅस बंद केला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर जाऊन विद्याधरांना विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "विसरलोच होतो गं. खरंच." मी परत आत आले.

मधुराने माझा हात धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "आईच होती ना ती?"

सांगते, मला मोह झाला. खूप झाला. नुसती मान हलवायची होती. त्या एका होकारात मला मुलगी मिळत होती. नणंदा मिळत होत्या, आख्खं सासर मिळत होतं. हॉलमध्ये कुंदाताईंचा फोटो आहे, तो रोज मी पुसते. तो चेहरा मी झोपेतही ओळखेन.

"नाही गं," मी म्हटलं. "ती आई नव्हती."

"चेहरा दुसरा असेल. आई तिच्या तोंडून बोलली असेल ना?"

"असेलही. मला माहीत नाही. मला जे माहीत नाही त्याला मी हो म्हणणार नाही, मधुरा."

तिने हात सोडला. "हो म्हणायला तुमचं काय जात होतं?" म्हणाली आणि चहा न घेता गेली. मी दोन्ही कप सिंकमध्ये ओतले आणि तिथेच उभी राहून रडले. माझं बरोबर होतं हे मला कळत होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता.

माईवन्संचं म्हणणं, कुंदाचा जीव अडकलाय, शांती करून घ्या. मी विचारलं, कोणाची? भटजींना नाव कोणाचं सांगू? लिंबंवाल्या इटालियन म्हातारीचं गोत्र काय लावतात? तेव्हापासून दोन महिने त्यांचा अबोला.

मी कारणं तपासली नाहीत, असं समजू नका. जबड्यात दुखणं हे हार्टचं लक्षण असू शकतं, हे मी कुठेतरी वाचलेलं असेल. मग बोगद्याच्या अंधारात माझ्याच मनाने ते त्या बाईच्या तोंडी घातलं असेल. ठीक. पण 'दाताच्या डॉक्टरकडे नेऊ नका' हे कुठून आलं? आणि ती खरंच इटालियनमध्ये बोलली असेल, तर मी तिला कशाला उत्तरं देत होते? मला इटालियनचे चार शब्द येतात, त्यातले दोन खाण्याचे. कारण सापडलं नाही. आजही नाही.

मधुरा महिन्याभराने परत आली. बाबांचे रिपोर्ट घेऊन आलेली, ते टेबलावर ठेवले आणि माझ्यासमोर बसली.

"परत एकदा सांगा. झालं तसं. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका."

मी सांगितलं. लिंबं, स्वेटर, 'चिडू देत'. शेवटी तिने विचारलं, "आवाज कसा होता?"

"घोगरा. सर्दी झाल्यासारखा."

"आईचा बारीक होता," ती म्हणाली. रिपोर्टचे कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाली, "नीलाकाकू, चहा टाकता का?"

पुढच्या वर्षी परत जायचं ठरलंय. विद्याधरांच्या इथल्या डॉक्टरांनी परवानगी दिलीय, फक्त घुमट सोडून. परवा माईवन्संना कळलं, तसा अबोला विसरून लगेच फोन.

"परत तिकडेच? त्याच गाडीने? तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"वाटते की," मी म्हटलं. "म्हणून या वेळी मधुरा पण येतेय."